आगी एकाच माणसाने लावल्यात का? वर्तनावरून जोडताना या चुका टाळा

चार-पाच आगी लागल्या, सगळ्या रात्रीच्या, सगळीकडे पेट्रोल, की लगेच 'एकच माणूस आहे' असं ठरतं. पण रात्र आणि पेट्रोल तर आग लावणाऱ्या कितीतरी जणांत सापडतं हो, ते जुळून काय सिद्ध होणार? जे क्वचित दिसतं ते जुळतंय का ते बघा.

1987 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला आगीच्या तपासनीसांची परिषद होती आणि त्याच सुमारास फ्रेस्नो, तुलारे, बेकर्सफील्ड अशा एकाच रस्त्यावरच्या गावांत दुकानांना आगी लागल्या. बेकर्सफील्डचे आग तपासनीस मार्व्हिन केसी यांना एका दुकानात आग लावायचं, उशिरा पेटणारं साधन सापडलं, त्यातल्या वहीच्या कागदावर बोटाचा ठसा. साधन, रस्ता आणि तारखा एकत्र धरून त्यांनी ओळखलं की परिषदेला आलेल्यांपैकीच कोणीतरी आहे, तेव्हा फारसं कुणाला पटलं नाही, पण 1991 ला तो ठसा जॉन ऑरचा निघाला, जो स्वतः आगींचा तपास करणारा अग्निशमन कॅप्टन होता. वर्तनाने, म्हणजे आग कुठे, कधी, कशी लावली याने, दिशा दिली, पुरावा ठशाने दिला, हा फरक विसरू नका.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि ही मला खरंच खटकते. रिपोर्टमध्ये नोंद नाही म्हणजे 'त्याने तसं केलंच नाही' असं धरणं. अहो, आग स्वतःच खुणा खाते, उरलेलं पाण्याच्या माऱ्यात वाहून जातं! म्हणूनच आगी एकमेकींशी जोडण्याच्या अभ्यासात जॅकार्ड गुणांक, म्हणजे दोन आगींतलं साम्य मोजणारा आकडा, वापरतात, त्यात दोन्हीकडे नसलेल्या गोष्टी मोजतच नाहीत. समजा एका आगीत 5 वर्तनं नोंदली, दुसरीत 6, त्यातली 4 समान, तर वेगवेगळी वर्तनं एकूण 7 आणि उत्तर 4 भागिले 7, म्हणजे साधारण 0.57. याचा अर्थ 57 टक्के शक्यता असा अजिबात नाही बरं का, हे फक्त साम्य आहे. तेवढंच साम्य दोन अनोळखी माणसांच्या आगींतही किती वेळा येतं ते जुन्या सुटलेल्या केसेसवर तपासल्याशिवाय आकडा कुणाला सांगू नका.

पद्धत बदलली म्हणून आग लगेच यादीतून काढूही नका, दार बंद मिळालं तर माणूस खिडकी शोधतो.

शेवटचं, संशयित सापडल्यावर नोंदी भरायला बसू नका, तेव्हा प्रत्येक जळक्या चिंधीत तोच दिसायला लागतो. नोंदी भरणाऱ्याला संशयिताबद्दल काहीच माहीत नसावं, आणि दुसऱ्याने त्याच फाइलवरून वेगळ्या नोंदी करून बघाव्यात. दोघांच्या नोंदी जुळत नसतील तर आधी ते निस्तरा, गुणांक नंतर काढा.