गोबर गॅसच्या कामात यायचंय? आधी शेण कालवा

या कामात येऊ पाहणारी मुलं पहिल्यांदा विचारतात ते डिझाइनबद्दल: तरंगत्या टाकीचं संयंत्र बरं की पक्क्या घुमटाचं दीनबंधू? मी म्हणतो, आधी महिनाभर चालू संयंत्रावर रोज सकाळी शेण कालवायला जा. बांधकाम गवंड्याकडून शिकता येतं, टाकीची तब्येत रोजच्या राबत्यातूनच कळते.

एक किलो ताज्या शेणातून साधारण 40 लिटर गॅस मिळतो. म्हणजे 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. दिवसभर चरणाऱ्या जनावरांचं निम्मं शेण रानातच पडतं, म्हणून शेतकऱ्याला जनावरं किती हे विचारू नका. सकाळी गोठ्यातून किती घमेली निघतात ते विचारा.

सर्वांत नाजूक काळ पहिल्या भरणीचा. चालू टाकीतली स्लरी, म्हणजे कुजलेला शेणकाला, विरजणासारखी घाला. सुरुवातीच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तो पेटत नाही. मोकळ्यावर, विस्तवापासून लांब सोडून द्या. इथे घरमालक घाबरतो आणि शेण वाढवतो. मग आम्ल तयार करणारे जिवाणू जोर धरतात, मिथेन करणारे मागे पडतात आणि टाकी आंबते. अशा वेळी भरणी थांबवायची, सामू (आम्लता दाखवणारा pH) 7 च्या आसपास आला की थोडी थोडी सुरू करायची. थंडीत गॅस कमी होणारच, कारण या जिवाणूंना 35 अंशांच्या आसपासची ऊब मानवते. हे बांधकामाआधीच सांगून ठेवा.

माझ्या मते शेतकऱ्याची खरी कमाई स्लरीत आहे. गॅसबरोबर कार्बन जातो. नत्र, स्फुरद, पालाश स्लरीत उरतं. पण ती उन्हात वाळत घातली की अमोनियाच्या रूपानं बरंचसं नत्र उडून जातं. त्यापेक्षा पाटाच्या पाण्यातून सोडा किंवा काडीकचऱ्यावर ओता. पुसदच्या पांढरीपांडे यांची कंपोस्ट खताची नाडेप पद्धतही यासोबत शिकून घ्या. जाळीदार विटांच्या हौदात जेमतेम 100 किलो शेणावर सुमारे दीड टन काडीकचरा तीन-चार महिन्यांत कुजतो. टाकीत हवेशिवाय कुजणं आणि हौदात हवेवर कुजणं यांतला फरक दोन्ही हातांनी कळला, की शेतकऱ्याशी बोलताना पुस्तक लागत नाही.

आणि दुरुस्तीसाठी रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत एकट्यानं कधीच उतरू नका. तळाशी हायड्रोजन सल्फाइड साचलेला असू शकतो आणि तो जास्त झाला की वासही येईनासा होतो. मालक कितीही घाई करो, ब्लोअरनं हवा खेळवून, आतली हवा मीटरनं तपासून, कमरेला दोर बांधून आणि वर माणसं उभी करूनच उतरायचं.