सेमिनार, स्वतंत्र अभ्यास आणि परदेशातील सत्र: पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी

सेमिनारचा विषय पंधरा मिनिटांत मांडता येईल इतका लहान करावा. ‘खानदेशातील केळी’ हा विषय नव्हे, ती अख्खी मालगाडी झाली. त्याऐवजी रावेर तालुक्यातील एका गावात घड कापल्यापासून ट्रक भरेपर्यंत भाव कोण ठरवतो, एवढाच प्रश्न घ्यावा. बागेत जाऊन विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लेवा गणबोलीत, म्हणजे तिकडच्या बोलीत, मिळाली, तर ती तशीच टिपावीत, कारण प्रमाण मराठीत आणताना अर्थ हमखास निसटतो.

हाच प्रश्न पुढे स्वतंत्र अभ्यासासाठी वाढवता येतो. त्याआधी मार्गदर्शक प्राध्यापकांशी प्रश्न, मुदत आणि मूल्यमापनाची पद्धत लेखी ठरवावी आणि दर पंधरवड्याला दोन पाने दाखवावीत. तोंडी होकारावर सत्र काढू नये.

परदेशी शिकायचे असल्यास आपल्या संस्थेचा तिकडील विद्यापीठाशी करार आहे का, हे प्रथम पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार ट्विनिंग अभ्यासक्रमात (ज्याचा काही भाग आपल्या आणि काही भाग परदेशी संस्थेत शिकायचा असतो) परदेशात मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) एकूण श्रेयांकांच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाहीत आणि पदवी भारतीय संस्थाच देते. पारपत्रावरील नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर जुळते का, तेही आधीच तपासावे.