पत्रा थंड नसतो : थर्मल आणि मायक्रोवेव्ह प्रतिमा वाचताना या चुका टाळा

दरवर्षी उपग्रह-प्रतिमा शिकायला नवी बॅच येते आणि दरवर्षी तोच तापमानाचा नकाशा माझ्या टेबलावर येतो. मे महिना, छत्रपती संभाजीनगरचा परिसर, औद्योगिक वसाहत निळीशार, म्हणजे थंड, आणि आजूबाजूची काळी रानं लालभडक, म्हणजे तापलेली. एका पोराने तर निष्कर्षसुद्धा लिहून आणला होता, की कारखान्यांच्या पट्ट्यात गारवा आहे. मी विचारलं, "मे महिन्यात पत्र्याखाली कधी बसलायस का रे?" तो म्हणाला, "सर, पण सॅटेलाइट कसं चुकंल?"

सॅटेलाइट चुकत नाही. ते तापमान मोजतच नाही. जमिनीकडून आलेली ऊर्जा मोजतं, आणि त्या ऊर्जेवरून आपण तापमान काढतो. लॅन्डसॅट 8 या अमेरिकन उपग्रहाचा बँड 10, म्हणजे त्याची उष्णता टिपणारी पट्टी, साधारण 10.6 ते 11.2 मायक्रोमीटर तरंगलांबीत बघतो. फाइलमधल्या आकड्यांचं रेडियन्स (सेन्सरपर्यंत पोचलेल्या ऊर्जेचं माप) करून प्लँकचं सूत्र (तापमानावरून उत्सर्जित ऊर्जा सांगणारं) उलटं लावलं की येतं ते 'ब्राइटनेस तापमान'. समोरची वस्तू आदर्श कृष्णवस्तू, म्हणजे त्या तापमानाला शक्य तेवढी सगळी ऊर्जा उत्सर्जित करणारी, असती, तर तिचं तापमान एवढं असतं, इतकाच त्याचा अर्थ. माती, पाणी, झाडोरा हे कृष्णवस्तूच्या बरेच जवळ असतात. कृष्णवस्तूच्या तुलनेत वस्तू किती उत्सर्जन करते, ती तिची उत्सर्जकता. पाण्याची उत्सर्जकता 0.98 च्या वर जाते, कोरड्या उघड्या मातीची 0.92 ते 0.96. नव्या चकचकीत जस्ती पत्र्याची मात्र पाव-अर्ध्याच्या आसपासच घुटमळते.

वर्गात हे सांगून कुणाला पटत नाही. म्हणून त्या पोराला घेऊन एका ओळखीच्या शेडवर गेलो. लॅन्डसॅट आपल्याकडून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, तीच वेळ धरली. वॉचमन खालून ओरडला, "साहेब, उन्हात वर कशाला चढायलात? पत्रा भाजतो!" भौतिकशास्त्र त्याला आमच्यापेक्षा बरं येत होतं. कोरोनात कपाळावर धरायचे तसल्याच जातीची, पण कारखान्यात वापरायची इन्फ्रारेड गन पत्र्यावर धरली. आकडा आला 23 अंश सेल्सिअस. मग वायरमनची काळी टेप पत्र्यावर चिकटवली, पाच मिनिटं थांबलो आणि गन टेपवर धरली. टेप पत्र्याइतकीच तापते, पण तिची उत्सर्जकता जास्त. आकडा आला 58. पोराने खात्री करायला म्हणून हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. त्याला उत्सर्जकता कायमची समजली.

कारण सरळ आहे. किर्खॉफचा नियम सांगतो की अपारदर्शक वस्तू जितकी कमी उत्सर्जित करते, तितकी जास्त परावर्तित करते. पत्रा स्वतःची ऊर्जा थोडीच देतो आणि उरलेल्या जागी आभाळाचं प्रतिबिंब दाखवतो. 8 ते 14 मायक्रोमीटरच्या खिडकीत निरभ्र, कोरडं आभाळ फार थंड दिसतं. म्हणजे निळ्या डागात आपण पत्रा नव्हे, आभाळ बघत होतो.

यावर शॉर्टकटवाल्यांचं उत्तर तयार असतं : एनडीव्हीआयवरून, म्हणजे हिरवळ किती ते सांगणाऱ्या निर्देशांकावरून, उत्सर्जकता काढू. काढा की! पत्र्याचा एनडीव्हीआय कमी येतो, म्हणून ते सूत्र पत्र्याला उघडी माती समजतं आणि मातीचा आकडा देऊन मोकळं होतं. लॅन्डसॅटचं तयार लेव्हल 2 चं (दुरुस्त्या करून दिलेलं) पृष्ठतापमान उतरवून घेणाऱ्यांनीही जास्त हसू नये. त्यातली उत्सर्जकता ॲस्टर या दुसऱ्या उपग्रह-सेन्सरच्या 2000 ते 2008 च्या सरासरीवर आधारलेली आहे. त्यानंतर उभ्या राहिलेल्या शेडची तिला खबर नसते. माझी सवय साधी आहे : हिशोब सुरू करण्याआधी उपग्रहाचं साधं रंगीत चित्र उघडायचं, चमकणारी छपरं हाताने आखायची आणि नकाशातून वगळायची. कंटाळवाणं काम आहे. कंटाळा येत असेल तर दुसरा विषय घ्या.

मातीलाही ही दुरुस्ती लागते, बरं का. ब्राइटनेस तापमान 310 केल्विन आणि उत्सर्जकता 0.94 धरली, तर बँड 10 साठी पृष्ठतापमान सुमारे 314.5 येतं. साडेचार अंशांचा फरक. जमिनीवरून परावर्तित होणारा आभाळाचा वाटा यात धरलेला नाही, तो धरला तर फरक थोडा कमी होतो. आणि हे वरवरच्या मातीचं तापमान, हवामान खात्याच्या हवेच्या तापमानाशी ते जुळवत बसू नका.

आता किरकोळ, पण रोजच्या चुका. सूत्रात सेल्सिअस घालू नका, केल्विन (सेल्सिअस अधिक 273.15) घाला. वीनच्या नियमाने (तापमानावरून उत्सर्जनाचं शिखर सांगणारा नियम) 300 केल्विनची जमीन 9.7 मायक्रोमीटरला सर्वात जास्त उत्सर्जन करते. पण हेच शिखर वारंवारतेच्या आलेखावर शोधलंत तर 17 मायक्रोमीटरच्या जवळ सापडेल, म्हणून दोन आलेखांची सरमिसळ नको. निअर इन्फ्रारेड म्हणजे उष्णता नव्हे, तो परावर्तित सूर्यप्रकाश. बँड 10 ची फाइल 30 मीटरची मिळते, पण सेन्सर 100 मीटरचा आहे, म्हणून एकेका घराचं तापमान सांगू नका. पावसाळ्यातला गार पट्टा बहुतेक वेळा ढगाचा माथा असतो.

रडारच्या प्रतिमेत काळं म्हणजे पाणी, ही माझी दुसरी डोकेदुखी. एका पोरीने बीडचा उन्हाळ्यातला नकाशा आणला. सेंटिनेल-1 हा युरोपचा रडार उपग्रह, व्हीव्ही (उभ्या लहरी सोडून उभ्याच टिपलेल्या), परतलेला संकेत उणे 18 डेसिबलच्या खाली असेल ते सगळं पाणी. गावोगावी टँकर चालू आणि नकाशात तळीच तळी! मी म्हटलं, "बाई, हा नकाशा कलेक्टर ऑफिसात दाखव, टँकरचा खर्च वाचेल."

रडार स्वतःच्या लहरी तिरक्या सोडतं आणि परत येतील तेवढ्या मोजतं. गुळगुळीत पृष्ठभाग लहरी पुढे टोलवतो, परत काही येत नाही, म्हणून काळं. गुळगुळीत म्हणजे किती? ते तरंगलांबीवर ठरतं. मी 30 ला रडारच्या गिगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागतो, तरंगलांबी सेंटीमीटरमध्ये मिळते. सेंटिनेलचे 5.405 गिगाहर्ट्झ, म्हणजे 5.55 सेंटीमीटर. रॅलेचा निकष (पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत ते ठरवणारा) लावला तर उभ्या रेषेपासून 35 अंशांच्या कोनात सुमारे आठ-साडेआठ मिलिमीटरच्या आतले चढउतार त्याला सपाटच. वखराच्या पाळ्या देऊन मऊ केलेलं, कोरडं रान म्हणूनच पाण्यासारखं काळं दिसतं. धावपट्टीही तशीच. उलट वाऱ्याच्या दिवशी नाथसागरावर (जायकवाडी धरणाच्या जलाशयावर) लाटा उठल्या की धरणाचा तुकडाच गायब होतो. आणि पाऊस पडून गेला की ढेकळांचं रान उजळतं, कारण पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ विद्युत लहरींना किती प्रतिसाद देतो त्याचं माप) 80 च्या घरात आणि कोरड्या मातीचा 3-4. ओल वाढली की परावर्तन वाढतं. पॅसिव्ह मायक्रोवेव्हमध्ये, म्हणजे स्वतः लहरी न सोडता जमिनीचंच उत्सर्जन मोजताना, याच कारणाने ओली माती 'थंड' दिसते. तिथे ब्राइटनेस तापमान म्हणजे उत्सर्जकता गुणिले तापमान, आणि ओल उत्सर्जकता पाडते.

त्या पोरीला मी एकाच तारखेवर न थांबता पावसाआधीच्या आणि नंतरच्या सहा-सात तारखा एकाखाली एक लावायला सांगितल्या. पाणी बहुतेक तारखांना काळं राहतं, रान रंग बदलतं. तिने सरासरीही काढून आणली, थेट डेसिबलची! डेसिबल हे लॉगचं माप आहे. उणे 10 आणि उणे 20 ची सरासरी उणे 15 नाही. आधी 0.1 आणि 0.01 करा, सरासरी 0.055, मग परत डेसिबल : उणे 12.6. नकाशा पुन्हा करून आणला तेव्हा तिची निम्मीअधिक तळी आटली होती.