एक्स्चेंज स्टुडंटचे काउन्सेलर होणाऱ्यांसाठी

रोटरीसारख्या क्लबने देवाणघेवाणीत वर्षभरासाठी परदेशी विद्यार्थी घ्यायचं ठरवलं की सगळी चर्चा घरांभोवती फिरते. कोणाकडे रिकामी खोली आहे, कोणाची मुलं त्याच वयाची आहेत, शाळा कोणाला जवळ पडते. काउन्सेलर, म्हणजे वर्षभर त्या विद्यार्थ्याच्या पाठीशी राहणारा क्लबमधला माणूस, कोण, हा प्रश्न मीटिंग संपता संपता निघतो आणि जो गप्प बसलेला असतो त्याच्या गळ्यात पडतो. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या मुलामुलींची काउन्सेलर म्हणून मी काही वर्षं काम केलं आहे आणि या बाबतीत माझं मत ठाम आहे. चांगली घरं मिळायलाच हवीत, पण त्या मुलाचं वर्ष कसं जाणार हे बहुतेक वेळा काउन्सेलरवर ठरतं. म्हणून ते नाव आधी ठरवा, घरं नंतर.

मी जवळून पाहिलेली पद्धत रोटरीच्या यूथ एक्स्चेंजची, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. फ्रान्समधल्या नीसच्या क्लबने १९२७ मध्ये युरोपातल्या विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली, तिथपासून या कार्यक्रमाचा इतिहास सांगितला जातो. लायन्स क्लबांचाही युवा देवाणघेवाणीचा कार्यक्रम आहे, पण तो काही आठवड्यांचा असतो आणि बऱ्याचदा कॅम्पला जोडलेला असतो. रोटरीच्या दीर्घ मुदतीच्या एक्स्चेंजमध्ये १५ ते १९ वयाची मुलं एक शैक्षणिक वर्ष परक्या देशात राहतात, तिथल्या शाळेत जातात आणि वर्षभरात एकापेक्षा जास्त कुटुंबांत राहतात, शक्यतो तीन. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा हा खर्च मुलाचे आईवडील करतात. राहणं-जेवणं यजमान कुटुंब देतं, त्याचे पैसे घेत नाही. शाळेतला प्रवेश आणि दरमहा थोडा हातखर्च ही यजमान क्लबची जबाबदारी.

काउन्सेलर यजमान कुटुंबातला नसावा, हा नियम नव्या लोकांना अडचणीचा वाटतो. 'आमच्याकडेच राहणार आहे तर मीच बघते की' असं अगदी मनापासून म्हणणारे सभासद मला भेटले आहेत. पण घरातल्या माणसाबद्दल काही सांगायचं असेल तर त्या मुलाने कोणाकडे जायचं? शाळेचे मुख्याध्यापक, क्लबचे अध्यक्ष, देवाणघेवाणीचं काम बघणारे यूथ एक्स्चेंज ऑफिसर यांनीही काउन्सेलर होऊ नये, असं रोटरीचं मार्गदर्शन आहे, आणि कारण तेच आहे. ज्याच्या सहीने आपल्याला परत पाठवता येतं, त्याच्यापाशी कोणी मन मोकळं करत नाही. तुमच्या हातात अधिकार कमी आहेत म्हणूनच हे काम तुमच्याकडे आलं आहे. क्लबमध्ये मुलाच्या बाजूने बोलणारं हक्काचं माणूस तुम्ही आहात. क्लबची बाजू मांडायला बाकी सगळे आहेत.

विद्यार्थी यायच्या आधीचं काम कंटाळवाणं असतं, तरी त्यात कसर ठेवू नका. घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची पडताळणी व्हावी लागते. अधूनमधून मुक्कामाला येणारा मोठा मुलगा, सोबत राहणारे काका, हे सगळे त्यात आले. मुलाखत, संदर्भ, पार्श्वभूमीची तपासणी आणि घरभेट. काही भेटी आधी कळवून होतात, काही न कळवता, आणि त्या विद्यार्थी राहायला आल्यानंतरही चालू राहतात. ओळखीच्या माणसाच्या घरी न सांगता जायचं म्हणजे अवघडल्यासारखं होतं खरं. पण आपलं स्वतःचं सोळा वर्षांचं मूल समुद्रापलीकडे अनोळखी घरात पाठवताना आपण काय मागितलं असतं, एवढा विचार केला की अवघडलेपण जातं. याच टप्प्यावर एक राखीव घरही ठरवून ठेवा. एखाद्या रात्री मुलाला तातडीने हलवावं लागलं, तर फोनाफोनी करायला तेव्हा वेळ नसतो.

मुलगा किंवा मुलगी पोचली की पहिल्याच दिवशी तिच्या हातात नंबरांचा कागद द्या. तुमचा, क्लबच्या अध्यक्षांचा, डिस्ट्रिक्टचा (म्हणजे आपला क्लब ज्यात येतो त्या रोटरीच्या विभागाचा), पोलीस आणि दवाखान्याचा, आणि क्लबशी संबंध नसलेल्या दोन व्यक्तींचा, एक स्त्री आणि एक पुरुष. हे शेवटचे दोन नंबर नुसते छापून भागत नाही. त्या दोघांना पहिल्या आठवड्यातच प्रत्यक्ष भेटवा. चेहरा माहीत नसलेल्या माणसाला रडत फोन कोणी करत नाही.

त्यानंतर 'पहिल्या रात्रीचे प्रश्न'. एक्स्चेंजमध्ये ही यादी पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. तुम्हाला हाक काय मारू, सकाळी बाथरूम कोणाला किती वाजता लागते, कपडे मी धुवायचे की एकत्र टाकायचे, खोलीचं दार लावलेलं चालेल का, वायफाय रात्री बंद होतं का, कुठे जायचं असेल तर कोणाला विचारू, मैत्रिणींना घरी आणू का. वाचताना हे प्रश्न फारच साधे वाटतात. पण एका मुलीच्या वेळी मी समोर बसले होते. यादी वाचत ती 'रात्री भूक लागली तर काय करू' या ओळीपर्यंत आली आणि थांबली. तो प्रश्न सोडून तिने पुढचा वाचला. यजमान आईच्या ते लक्षात आलं. ती उठली, तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली, फ्रिज उघडला आणि एक कप्पा दाखवून म्हणाली, यातलं काहीही, कधीही, विचारायचं नाही. त्या मुलीचे खांदे सैल पडलेले मला दिसले. यादीतले अर्धे प्रश्न ती त्या संध्याकाळी विचारू शकली नसती, कागद हातात होता म्हणून विचारता आले. तेव्हा ही यादी दोन्ही बाजूंना आधीच पाठवा आणि पहिल्या एकदोन दिवसांत सगळ्यांना एकत्र बसवून वाचून घ्या. प्रत्येक नव्या घरात ती नव्याने वाचायची, कारण एका घरात चालणारी गोष्ट दुसऱ्या घरात चालेलच असं नसतं.

काउन्सेलरने महिन्यातून किमान एकदा तरी विद्यार्थ्याशी बोलावं अशी अपेक्षा असते. सुरुवातीच्या काळात एवढ्याने भागत नाही, आठवड्याला एकदा तरी भेटा. आणि भेट यजमान घराच्या बैठकीच्या खोलीत नको. चालत चालत बोलणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं. समोरासमोर बसून नजरेला नजर द्यावी लागत नाही, गप्प राहिलं तरी चालतं, आणि या वयाच्या मुलांना तेच हवं असतं.

'कसं चाललंय' या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'छान' असतं. ते खोटं नसतं. परक्या भाषेत तेवढंच पटकन सुचतं, आणि आपली पडती बाजू यजमानांच्या माणसाला कशाला सांगा असंही वाटत असतं. म्हणून बारीक, उत्तर देता येईल असं काहीतरी विचारा. एक मुलगा मला कित्येक आठवडे 'छान' एवढंच सांगत होता. एकदा चालताना मी विचारलं, काल रात्री जेवताना तुझ्या शेजारी कोण बसलं होतं? तो म्हणाला, कोणी नाही, मी खोलीत जेवतो. रोज? रोज. पुढे हळूहळू कळलं की पहिल्या आठवड्यात दमून तो ताट घेऊन खोलीत गेला होता. घरच्यांना वाटलं त्याला एकांत आवडतो, म्हणून त्यांनी हाक मारणं थांबवलं. हाक येईना म्हणून त्याला वाटलं आपण त्यांना नकोसे आहोत. दोन्ही बाजूंनी सगळे भले होते आणि तरी एक मूल भरल्या घरात एकटं जेवत होतं. त्याला विचारून, त्याच्या परवानगीने मी कुटुंबाशी बोलले. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र घ्यायचं आणि ताटं त्याने मांडायची, एवढंच ठरलं. ताटं मांडायचं काम ही माझ्या मते त्यातली खरी औषधाची गोष्ट होती. घरात एखादं काम आपल्या नावावर असलं की मूल पाहुणं राहत नाही. नव्या यजमानांना मी आता हे आवर्जून सांगते: त्याचे लाड करा, पण त्याला काम द्या.

घरची आठवण हा मोठा विषय आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगार्ड यांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवरच्या २०० नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सहा महिन्यांपेक्षा कमी आणि अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले लोक अधिक रुळलेले दिसले, मधल्या काळातले कमी. 'सुरुवातीला आनंद, मग घसरण, मग सावरणं' हा इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख तिथून आला आणि एक्स्चेंजच्या ओरिएंटेशनमध्ये तो आजही दाखवला जातो. नंतरच्या संशोधकांना तो सगळीकडे तसाच आढळला नाही. मलाही नाही. काही मुलं पहिल्याच आठवड्यात कोसळतात आणि मग वर्षभर मजेत राहतात. काहींना घरातल्या सणाच्या किंवा वाढदिवसाच्या दिवशी अचानक जड जातं. आलेख माहीत असावा, तो मुलालाही दाखवावा, म्हणजे 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' असं त्याला वाटत नाही. पण 'अजून वेळ आहे' किंवा 'आता होईल बरं' असा हिशोब त्यावरून मांडू नका.

फोनचं काय? पूर्वी पत्र पोचायला आठवडे लागायचे, आता आईवडील खिशात असतात. रोज तासन् तास घरी व्हिडिओ कॉल करणारं मूल मनाने तिकडेच राहतं, हे मी पाहिलं आहे. तरी फोन काढून घ्यायच्या मी पूर्ण विरोधात आहे. अडचणीच्या वेळी मदत मागायचं त्याचं साधन तेच असतं. आईवडिलांशी सुरुवातीलाच बोलून आठवड्यातला एखादा दिवस आणि वेळ ठरवून घेतली तर बहुतेक जण समजून घेतात, आणि मुलापेक्षा आईवडिलांनाच हे जास्त अवघड जातं, त्यांना धीर द्या.

नियमांबाबत फार लिहीत नाही. गाडी चालवायची नाही, दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, गंभीर प्रेमप्रकरण नाही, हे चार मुद्दे प्रत्येक विद्यार्थ्याला येण्याआधीच माहीत असतात आणि त्यावर त्याची व पालकांची सही असते. गाडीचा नियम विमा आणि अपघाताच्या जबाबदारीमुळे आहे, तिथे सूट नाही. नियम मोडल्याची कुजबुज कानावर आली तर आधी मुलाला विचारा, मग ऑफिसरला सांगा. उलट क्रम झाला की मूल तुमच्याशी पुन्हा बोलत नाही.

मात्र एका बाबतीत तुमच्या हातात निवड नाही. छळ, मारहाण, नकोसा स्पर्श, यातलं काहीही मुलाने सांगितलं तर 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. मूल अर्धवट सांगून थांबलं असेल तेव्हा तर मुळीच नाही. शांतपणे ऐका, सांगितलंस हे बरं केलंस असं म्हणा, आणि ही गोष्ट मला पुढे कळवावीच लागेल, पण तुला सुरक्षित ठेवण्यापुरतीच, हे तिथेच स्पष्ट करा. खोदून प्रश्न विचारू नका, ते तपास करणाऱ्यांचं काम. मुलाला त्या माणसापासून लगेच दूर करा. पोलिसांना ताबडतोब, डिस्ट्रिक्टला ताबडतोब, आणि रोटरी इंटरनॅशनलला ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. आरोप क्लबमधल्या मानाच्या माणसावर असेल तेव्हा 'आधी आपापसात बघू' म्हणणारे निघतात. अशा वेळी काउन्सेलरने ठाम राहायचं असतं, मैत्री गेली तरी.

घर बदलण्याचा दिवस ठरलेला असला तरी मुलाला तो हाकलल्यासारखा वाटू शकतो. पहिल्या घरात जीव लागलेला असतो. आठवडाभर आधी नव्या घरी सगळ्यांना एकदा भेटवा, सामान हलवताना जुन्या कुटुंबातलं कोणीतरी सोबत येऊ द्या, आणि नंतरही जुन्या घरी जाणं-येणं चालू राहील हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. मुदतीआधी घर बदलायची मागणी आली तर घाईही नको आणि टाळाटाळही नको. पटत नाही एवढंच कारण असेल तर थोडे दिवस प्रयत्न करून बघता येतो. भीती वाटते असं मूल म्हणालं तर त्याच रात्री राखीव घर.

शेवटच्या दोन महिन्यांत मूल भाषेत, मित्रांत, घरात इतकं मिसळलेलं असतं की काउन्सेलरचं काम संपलं असं वाटतं. तेव्हाच परतीची तयारी सुरू करायची असते. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या संशोधकांनी १९६३ मध्ये दाखवलं की परत मायदेशी गेल्यावरही यू आलेखातल्यासारखीच घसरण येऊ शकते. बदललेलं मूल न बदललेल्या घरी जातं आणि तिथे त्याचं कोणी फार वेळ ऐकून घेत नाही. आधी जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांशी, ज्यांना रिबाउंड म्हणतात, त्याची गाठ घालून द्या. आणि शाळेकडून उपस्थितीचं आणि गुणांचं सही-शिक्क्याचं पत्र वेळेत मागून घ्या. त्याच्या देशातली शाळा हे वर्ष धरणार की नाही हे अनेकदा त्या कागदावर ठरतं, आणि सुट्ट्या लागल्यावर शाळेच्या ऑफिसात सही करायला कोणी सापडत नाही.