सेमिनारनंतरचा ऑनलाइन कोर्स : या चुका टाळा

मुंबईतील कार्यालये, शाळा, पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्था आपल्या माणसांना एक-दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवतात आणि अलीकडे त्याला जोड म्हणून एखादा ऑनलाइन कोर्सही सुचवतात. कल्पना चांगली आहे, पण बहुतेक ठिकाणी ती फुकट जाते आणि त्यात कोर्सचा दोष क्वचितच असतो. सेमिनारमध्ये जे कळले पण हातात बसले नाही, तेवढ्यापुरताच कोर्स वापरायचा असतो. प्रत्यक्षात मात्र तो सेमिनारची उजळणी म्हणून, नाहीतर कागदावर दाखवायची पूर्तता म्हणून उघडला जातो.

आधी आठवा, मग पाहा

सर्वात सार्वत्रिक चूक म्हणजे सेमिनारहून आल्यावर त्याच विषयाचे व्हिडिओ लावून बसणे. पाहताना सगळे ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटले की येते असा समज होतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करून काही काळाने ते पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे त्यांनी मोजले. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत होते, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के आणि महिन्याने सुमारे २१ टक्के. अर्थपूर्ण प्रशिक्षण इतक्या झपाट्याने विसरले जात नाही, हे खरे. पण मोठी गळती पहिल्या एक-दोन दिवसांतच होते, ही गोष्ट तिथेही लागू पडते.

ही गळती पुन्हा पाहून थांबत नाही, आठवून थांबते. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला तो न बघता आठवून लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा पाहण्याचा मोह का होतो, याचे उत्तर त्या पहिल्या पाच मिनिटांत आहे.

म्हणून कोर्स उघडण्याआधी, शक्यतो त्याच संध्याकाळी, हँडआउट बंद ठेवून एका कोऱ्या पानावर तीन रकाने करावेत : जमते, कळते पण जमत नाही, आठवतच नाही. कोर्सची अनुक्रमणिका या पानाशेजारी ठेवून मधल्या रकान्यातील मुद्द्यांचे धडे आधी निवडावेत. तिसरा रकाना फारच लांबला असेल, तर प्रशिक्षकाच्या स्लाइड्स मागवणे हा कोर्सपेक्षा सोपा उपाय आहे.

पहिल्या धड्यापासून सुरुवात

ऑनलाइन कोर्स बहुधा अगदी नवख्या माणसाला समोर ठेवून रचलेला असतो. दिवसभराचे प्रशिक्षण घेतलेला माणूस तो पहिल्या धड्यापासून पाहू लागला, की दोन-तीन धड्यांत कंटाळतो आणि जिथून खरी गरज सुरू होते, त्या धड्यापर्यंत पोहोचतच नाही. एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नोंदणी करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी अभ्यासक्रम कधी उघडलाच नाही आणि २०१७-१८ मध्ये तो पूर्ण करणारे सुमारे ३ टक्के होते, असे त्यात दिसले. त्यामुळे कोर्स अर्धवट राहिला याची लाज बाळगू नये. सेमिनार झालेल्या माणसाने तो अर्धवटच वापरायचा असतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी असलेली प्रश्नमंजूषा आधी सोडवावी, जिथे अडेल तेवढेच व्हिडिओ पाहावेत आणि बाकीचे निःसंकोच सोडून द्यावेत.

व्हिडिओत चालते, आपल्याकडे चालत नाही

ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते, म्हणून तिच्याकडे जरा सविस्तर पाहू. गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात एक्सेलच्या एका शीटवर सदनिकांची यादी आहे, दुसऱ्यावर देखभाल शुल्काचा भरणा आहे आणि सेमिनारमध्ये शिकवलेले व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतील नोंद दुसऱ्या यादीत शोधून तिच्यापुढची माहिती आणणारे सूत्र, वापरून कोणाची किती थकबाकी आहे हे काढायचे आहे. कोर्समधील नमुना फाइलवर सूत्र पहिल्याच फटक्यात चालते. संस्थेच्या फाइलवर मात्र निम्म्या ओळींत ‘एन/ए’ (जुळणारी नोंद सापडली नाही) येते आणि ‘आपल्याला हे जमणार नाही’ असे म्हणून माणूस वहीकडे वळतो.

दोष बहुधा सूत्रात नसतो, तर माहितीत असतो. एका शीटवर ‘१०४’ हा सदनिका क्रमांक आकडा म्हणून भरलेला असतो आणि दुसरीवर मजकूर म्हणून. एक्सेल या दोन्हींना वेगळे समजते. रकान्याची मांडणी हाताने बदललेली नसेल, तर आकडे उजवीकडे आणि मजकूर डावीकडे चिकटलेला दिसतो, त्यावरून हा फरक लगेच ओळखता येतो. कधी ‘ए-१०४’ च्या शेवटी एक मोकळी जागा दडलेली असते. ती ट्रिम या सूत्राने जाते. मात्र वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरातील मोकळी जागा अनेकदा वेगळ्या जातीची असते आणि ट्रिमला दाद देत नाही. तेव्हा ती जागा कॉपी करून ‘फाइंड अँड रिप्लेस’ने काढून टाकावी.

याहून धोक्याची चूक ती, जी चूक म्हणून दिसतच नाही. व्हीलुकअपमध्ये चौथ्या जागी ‘फॉल्स’ लिहायचे राहिले, तर एक्सेल नेमकी जुळणी न शोधता जवळपासची जुळणी घेते आणि यादी क्रमवार नसेल, तर शेजाऱ्याची थकबाकी आपल्या नावावर बिनबोभाट टाकते. वार्षिक सर्वसाधारण सभेत हे उघडकीस येणे कोणत्याही सचिवाला परवडणारे नाही. तारखांचेही असेच आहे. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची असेल, तर ०५/०४/२०२५ ही ५ एप्रिलऐवजी ४ मे होते आणि २५/०४/२०२५ तारीख न राहता नुसता मजकूर म्हणून पडून राहते.

आवृत्तीचा फरक हे आणखी एक कारण आहे. अलीकडच्या अनेक कोर्समध्ये व्हीलुकअपऐवजी एक्सलुकअप हे नवे सूत्र शिकवतात. ते एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये नाही. कार्यालयातील संगणकावर कोणती आवृत्ती आहे, हे कोर्स निवडण्याआधी पाहावे, नंतर नव्हे. आणि एक नियम मात्र पक्का करावा : नमुना फाइलवर एकदा जमले, की त्याच दिवशी तीच कृती स्वतःच्या कामाच्या फाइलच्या प्रतीवर करावी. मूळ फाइलवर प्रयोग करू नयेत, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

लोकलमधला अभ्यास आणि रविवारचा अभ्यास

विरार किंवा बदलापूरहून येणाऱ्या माणसाला प्रवासाचा वेळ वाया घालवायचा नसतो आणि ते योग्यच आहे. पण ज्या गोष्टीला हात लागतात ती लोकलमध्ये शिकता येत नाही. उभ्याने मोबाइलवर पाहिलेला सूत्रांचा व्हिडिओ म्हणजे पोहण्याविषयीचे भाषण. गाडीत आठवण्याचे काम करावे : काल पाहिलेल्या धड्यातील पायऱ्या मनात क्रमाने म्हणाव्यात, आधीच डाउनलोड केलेली प्रश्नमंजूषा सोडवावी. हाताचे काम टेबलासाठी राखून ठेवावे.

आठवड्याचा सगळा अभ्यास रविवारी उरकण्याची सवयही मोडायला हवी. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात असे दिसले, की आठवड्यानंतरच्या चाचणीसाठी दोन अभ्यासांमध्ये सुमारे एका दिवसाचे अंतर सर्वात उपयोगी ठरते, तर जवळजवळ वर्षभरानंतरच्या चाचणीसाठी सुमारे तीन आठवड्यांचे. कार्यालयीन कामाला दोन्ही लागते. म्हणून सेमिनारच्या दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटे, आठवड्याने पुन्हा तेवढीच आणि तीन-चार आठवड्यांनी एकदा, असे दिवस कॅलेंडरमध्ये आधीच लिहून ठेवावेत.

भाषा आणि प्रमाणपत्र

सेमिनार मराठीत झाला आणि कोर्स भरभर इंग्रजीत असला, की अर्धे लक्ष भाषेत जाते. पवईच्या आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल या बाबतीत उपयोगी आहे : सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे व्हिडिओ, त्यांतील अनेक मराठी निवेदनासह. पडद्यावरचे मेनू इंग्रजीतच राहतात आणि ते सोयीचेच आहे, कारण कार्यालयातील संगणकावरही तेच असतात. एका खिडकीत व्हिडिओ आणि शेजारच्या खिडकीत सॉफ्टवेअर उघडून थांबत थांबत करत जावे, अशी तिथली पद्धत आहे. ती इतर कोर्सलाही जशीच्या तशी लावावी.

प्रमाणपत्राबाबत थोडक्यात. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या मंचावर शिकणे विनामूल्य आहे. त्यावरील एनपीटीईएलच्या (आयआयटी आणि आयआयएससी यांच्या उपक्रमाच्या) अभ्यासक्रमांत प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते आणि अंतिम गुणांत तिचा वाटा ७५ टक्के, तर असाइनमेंटचा २५ टक्के असतो. बढतीसाठी प्रमाणपत्र लागत असेल, तर त्यासाठी वेगळा वेळ काढावा. सेमिनारची जोड म्हणून घेतलेल्या कोर्सवर ते ओझे टाकू नये.

कार्यालयाने करायच्या गोष्टी

कोर्सची लिंक व्हॉट्सअॅप गटावर टाकून महिन्याने ‘झाला का पूर्ण?’ असे विचारणे म्हणजे पाठपुरावा नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा मांडल्यापासून शाळांमध्ये तास मोजण्याकडे कल वाढेल, अशी शक्यता आहे. तासांमागे काय बदलले, हे विचारणारे मुख्याध्यापक मात्र हवेत. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्यांत सहभागींची पसंती ही पहिली आणि कामातील वर्तन ही तिसरी पातळी आहे. आपल्याकडचे फीडबॅक फॉर्म बहुधा पहिलीवरच थांबतात.

यावर साधा उपाय असा, की पूर्णतेचा स्क्रीनशॉट मागण्याऐवजी कामाचा एक नमुना मागावा : थकबाकीची शीट, पाठाचा आराखडा, जे असेल ते. त्यासाठी आठवड्यातून एक तास कार्यालयीन वेळेतच द्यावा. प्रशिक्षकाशी ठरवतानाच पंधरा दिवसांनी अर्ध्या तासाचे एक ऑनलाइन शंकासत्र मागून घ्यावे आणि प्रत्येकाने आपली अडलेली फाइल त्याच्या आदल्या दिवशी पाठवावी. पाठवण्यापूर्वी सदस्यांची नावे आणि मोबाइल क्रमांक त्यातून काढून टाकावेत.