घरच्या लेथला कूलंट: पंप नको, बाटली पुरते

छोट्या लेथला (धातू फिरवून कापायचं यंत्र) कूलंटचा, म्हणजे कापणारं हत्यार (टूल) गार ठेवणाऱ्या तेल-पाण्याचा, पंप आणि टाकी जोडायची हौस मी फेडून घेतली. काम आठवड्यातून एकदा, त्यामुळे टाकीतलं पाणी कुजून सडक्या अंड्यासारखा वास सुटला. आता चोचीची प्लास्टिकची बाटली वापरतो.

आधी धातू बघा. बीड (ओतीव लोखंड) कोरडंच कापा; त्याची काळी भुकटी ओली झाली की चिखल होऊन स्लाइडमध्ये, म्हणजे लेथच्या सरकत्या भागांत, शिरते. पितळही कोरडं चालतं. ॲल्युमिनियम टूलच्या धारेला चिकटतं, तिथे रॉकेलचे दोन-चार थेंब पुरे, फक्त जवळ ठिणगी नको. कूलंट खरं लागतं ते माइल्ड स्टीलला. मॅग्नेशियमच्या जवळपास मात्र पाणी नकोच. त्याचा कीस पेटला तर पाण्याने आग भडकते.

एक लिटर पाण्याला 50 मिली सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळणारं तेल), म्हणजे 1:20. आधी पाणी घ्या, मग ढवळत ढवळत तेलाची बारीक धार सोडा. मी पहिल्यांदा उलट केलं आणि नासक्या दुधासारख्या गुठळ्या पदरात पडल्या. बोअरचं जड पाणीही टाळा, त्यावर साय धरते.

हायस्पीड स्टीलचं टूल असेल तर टूल जॉबला (कापायच्या तुकड्याला) टेकतं नेमकी तिथेच, कट सुरू होण्याआधीपासून धार सोडा. फरक कळतो पार्टिंगला, म्हणजे बार कापून वेगळा करताना. 25 मिमीचा बार कापताना टूल किंचाळू लागतं. धार खाचेत गेली की आवाज उतरतो आणि चिप (धातूचा कीस) गुंडाळी होऊन बाहेर येते. कार्बाइड टिपवर (टूलच्या टोकाच्या कठीण तुकड्यावर) थांबून थांबून पाणी मारू नका. तापलेली टिप एकदम गार झाली की बारीक तडे जातात. सलग धार देता येत नसेल तर कोरडंच कापा. फिरत्या जॉबजवळ फडकं कधीच नेऊ नका, चक (जॉब धरून फिरणारी पकड) हातासकट ओढून घेतो.

काम संपलं की खरी मेहनत. ओल्या चिप्स रात्रभर बेडवर (लेथच्या लांब पायावर) राहिल्या तर सकाळी तांबूस डाग दिसतात. म्हणून कॅरेज (टूल धरणारा भाग) आणि टेलस्टॉक (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) सरकवून खालचा बेड पुसा, चकचे जॉ (पकडीचे जबडे) कोरडे करा, सगळ्यावर स्लाइडवे ऑइलचा (सरकत्या भागांच्या तेलाचा) हात फिरवा. वास मारणारं कूलंट गटारात ओतू नका. वापरलेलं तेल अधिकृत रिसायकलरला देणारं एखादं वर्कशॉप गाठा आणि कॅन तिथे द्या.