पत्ता वाटतोय कोण? डीएचसीपी क्लायंटबाबत या चुका टाळा

सकाळी दहाला वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यातून फोन आला. "अहो, अर्ध्या मशीनवर टॅली उघडत नाहीये, प्रिंटरही दिसेना. व्हायरस शिरला का?" जाऊन बघतो तर ऑफिसचे आयपी (नेटवर्कवरचे मशीनचे पत्ते) १९२.१६८.१ ने सुरू होणारे, आणि निम्म्या मशीनना मिळालेला १९२.१६८.० वाला. शोधता शोधता पॅकिंगच्या टेबलाखाली खोक्यांमागे एक जुना वाय-फाय राउटर सापडला. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून कोणीतरी घरून आणून लावलेला. केबल लॅन पोर्टात खुपसलेली आणि त्याचा डीएचसीपी, म्हणजे मशीनना आपोआप आयपी वाटणारी सोय, तसाच चालू.

मशीन सुरू झालं की त्यातला पत्ता मागणारा भाग, म्हणजे डीएचसीपी क्लायंट, सगळ्या नेटवर्कला हाक मारून विचारतो, मला आयपी कोण देतंय? बहुतेक वेळा जो आधी बोलेल त्याचंच तो ऐकतो. बोलणाऱ्याकडे ओळखपत्र कोणी मागत नाही.

म्हणूनच या क्लायंटमध्ये भोक निघालं की प्रकरण गंभीर होतं. ८ जानेवारी २०१९ ला मायक्रोसॉफ्टने सीव्हीई-२०१९-०५४७ साठी (सीव्हीई म्हणजे अशा भोकाला दिलेला नोंदणी क्रमांक) पॅच, म्हणजे दुरुस्ती, दिला. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीतल्या डीएचसीपी क्लायंटला मुद्दाम बिघडवलेलं उत्तर पाठवलं की मशीनवर हल्लेखोराचा कोड चालू शकत होता. गंभीरता १० पैकी ९.८. ना लिंकवर क्लिक, ना ईमेल. लिनक्सवालेही सुटले नव्हते. मे २०१८ मध्ये रेड हॅट लिनक्स ६ आणि ७ मधला सीव्हीई-२०१८-११११ उघड झाला. डीएचसीपीच्या उत्तरात लपवलेली कमांड थेट रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वोच्च, अधिकाराने चालायची, आणि ते करून दाखवणारा कोड एका ट्विटमध्ये मावला होता.

हे ऐकून लोक पहिली चूक करतात ती डीएचसीपी क्लायंटची सर्व्हिसच बंद करण्याची. महापेच्या एका ऑफिसात हे झालं. दुसऱ्या दिवशी मशीनना आयपीच नाही आणि सगळा मजला हातावर हात धरून बसलेला. मग प्रत्येकाला हाताने आयपी टाकायला घेतले, तर त्यात दोन मशीनना एकच नंबर. पॅच टाका, सर्व्हिसला हात लावू नका.

"आमच्याकडे फायरवॉल आहे," हेही नेहमीचं. फायरवॉल बाहेरच्या दारावर असते. डीएचसीपीचं हे उत्तर आतल्याच स्विचवरून, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या केबल जोडलेल्या डब्यातून, येतं.

पॅच आला, पण रीस्टार्ट? टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर अपटाइम बघा. एका अकाउंटंटच्या मशीनवर १९ दिवस दिसले, आणि ते रोज संध्याकाळी शट डाउन करत होते! फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनने विंडोज पूर्ण नव्याने सुरू होत नाही. रीस्टार्टच दाबा. मशीनवर कोणती आवृत्ती आहे ते रनमध्ये विनव्हर (winver) टाइप केलं की कळतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सेंटओएस ७ या लिनक्सचा ३० जून २०२४ ला, तेव्हा अशा मशीनवर 'अपडेट चालूच आहे' म्हणून निर्धास्त राहू नका.

आयपी देतंय कोण, हे बघायला दोन मिनिटं लागतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग /ऑल' (ipconfig /all) चालवून 'डीएचसीपी सर्व्हर' (DHCP Server) ही ओळ वाचा. तिथे आपल्या राउटरचा नंबर नसेल तर स्विचवरची एकेक केबल काढून बघा, कोणती काढल्यावर तोतया गप्प होतो ते. मॅनेज्ड स्विच (सेटिंग बदलता येणारा) असेल तर डीएचसीपी स्नूपिंग चालू करा आणि खऱ्या सर्व्हरच्या पोर्टलाच ट्रस्टेड ठरवा. मग बाकीच्या पोर्टांवरून आलेली उत्तरं स्विचच टाकून देतो. साध्या स्विचमध्ये ही सोय नसते. खर्चाला मालक कुरकुरतात, पण चाळीस मशीन असतील तर मी आग्रह धरतो.

वागळेतला तो राउटर मी काढून नेला नाही. डीएचसीपी बंद केला, त्याचा आयपी आणि पासवर्ड बदलला, टेबलाखालून काढून भिंतीवर लावला. पॅकिंगवाल्यांना रेंज मिळाली, टॅली दुपारी बारापर्यंत सुरू झालं.